टेकऑफच्या आधी गॅस

३ एप्रिल
संकल्प: यंदा एअरलाइन. कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळून बरेच महिने झाले, आता कंपन्यांनी जास्त ताणू नये. फ्लाइंग क्लब इन्स्ट्रक्टर म्हणून घ्यायला तयार होता. नम्रपणे नाही म्हटलं. पोरांना शिकवायला मी काय मास्तर आहे? ती जागा आमच्या बॅचमधल्या कासवाने घेतली. कासव म्हणजे ती मुलगी, जी विमानात चढण्याआधी चाकंसुद्धा हाताने दाबून बघते. बिचारी.

९ एप्रिल
कॉल आला! पुढच्या महिन्यात सिम्युलेटर टेस्ट. खोट्या कॉकपिटमध्ये बसवून परीक्षा घेतात. पास झालं की नोकरी. म्हणजे झालीच. मामाला लगेच कळवलं. त्याने फुकट तिकिटाचं विचारलं. बघू म्हटलं.

१० एप्रिल
कपाटावर कॉकपिटचं पोस्टर चिकटवलं. समोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या. डावीकडे मी, उजवीकडे आई. ती चेकलिस्ट वाचणार, मी एकेक गोष्ट बघून उत्तर देणार. फ्लॅप्स? सेट. ट्रिम? सेट. आईचे उच्चार कॉकपिटला शोभणारे नाहीत, पण दुसरं कोणी रिकामं नाही. बाबा म्हणाले, मला पॅसेंजर कर, झोपतो.

१७ एप्रिल
स्पीड जबरदस्त. आईचा शब्द संपायच्या आत माझं उत्तर. आई म्हणते, अरे, बघत तरी जा. छापील कागदात काय बघायचं? सगळं पाठ आहे. वर तिने लिस्टमध्ये स्वतःची भर घातलीय. टेकऑफच्या आधी शेवटचं: गॅस? दूध ठेवून येऊन बसते ना. माझ्या खुर्चीवरून ओटा दिसतो, म्हणून मला विचारते. मी म्हणतो, बंद. विमानात गॅस नसतो हे सांगून सांगून थकलो.

२२ एप्रिल
फालतू प्रसंग. गॅस? बंद. टेकऑफ केलं. पाच हजार फुटांवर करपल्याचा वास. दूध ओट्यावर, पातेलं काळं ठिक्कर. आई कडाडली: बघितलंस, की नुसतंच बोललास? आता पायलटने दुधावर लक्ष ठेवायचं का! बाबा म्हणाले, मग बंद आहे असं म्हणालं कोण? बाबांना एव्हिएशनमधलं काही कळत नाही. पातेलं मीच घासलं.

८ मे
उद्या टेस्ट. आई म्हणाली, एकदा उजळणी करू. नको म्हटलं. फार प्रॅक्टिस झाली की फॉर्म जातो. शर्टाला कडक इस्त्री केली. आरशासमोर कॅप्टनची अनाउन्समेंट करून पाहिली. स्वतःच भारावलो.

९ मे
परीक्षक पिकल्या केसांचे कॅप्टन. ते वाचत गेले, मी धडाधड उत्तरं देत गेलो. फ्लॅप्स? सेट. इंजिनांना पॉवर दिली आणि भोंगा बोंबलायला लागला. फ्लॅप्स शून्यावर! टेकऑफला पंखांच्या या पट्ट्या खाली केलेल्या लागतात. त्यांनी मुद्दाम तसेच ठेवलेले. शांतपणे म्हणाले, बघितलंत, की नुसतंच बोललात? घाबरून तोंडातून निघून गेलं: चुकलं गं आई.
कॅप्टनने चष्मा काढून बराच वेळ पुसला. एकंदरीत इम्प्रेशन चांगलं पडलं असावं.

१६ मे
नकार. चूक त्यांच्या फ्लॅप्सच्या लिव्हरची. पोस्टरवर ठळक दिसतो तो, तिथे नजरेतच येत नाही. मामाचा फोन उचलला नाही. आईने डोक्यावरून हात फिरवला. रडू आलं. सर्दी असावी.

२१ मे
क्लबकडून जात होतो, म्हणून आत डोकावलो. (क्लब घरापासून दीड तासावर.) इन्स्ट्रक्टरची जागा रिकामी होतेय. कासवाची एअरलाइनमध्ये निवड झाली. त्याच. मी हो म्हटलं. तेवढाच क्लबला आधार. पण आधी कासव माझी फ्लाइट टेस्ट घेणार म्हणे.

२८ मे
घेतली. चारदा चाकं दाबायला लावली. चौथ्यांदा एक मऊ लागलं. पास केलं.

३१ मे
उद्या पहिला विद्यार्थी. आईला म्हटलं, जरा वाचतेस? तीच खुर्ची, तीच चेकलिस्ट. फ्लॅप्स? पोस्टरवर बोट ठेवलं, मग म्हटलं, सेट. ट्रिम? सेट. गॅस?
उठलो. खुर्चीवरून दिसतो, पण पाय मोकळे करायचे होते. ओट्यापर्यंत गेलो.
चालू होता.