विश्वासपेटीची एकुलती किल्ली

३ फेब्रुवारी, सकाळी ११
बशी नाही.
नगरपरिषदेच्या सुरक्षा व विश्वास समितीचा अध्यक्ष म्हणून आज माझा पहिला दिवस, आणि चहा आला तो बशीशिवाय. समोरच्या केबिनमध्ये उद्यान समितीचा अध्यक्ष बसतो. त्याच्या अखत्यारीत सहा बाकं आणि एक बंद पडलेलं कारंजं. त्याला बशी. ज्याने अख्खं पोलीस ठाणं जनतेला उत्तरदायी करायचं, त्याने कप ठेवायचा कुठे? परिपत्रकावर ठेवला. गोल डाग पडला. हा डाग माझा नव्हे, व्यवस्थेचा.
निषेध नोंदवून घ्या म्हणून समितीच्या सचिवबाईंना सांगितलं. म्हणाल्या, बशा फुटल्यात आणि निषेधाचा फॉर्म नाही.
आजपासून रोजनिशी लिहिणार. कोणाला दाखवायला नाही. मोठ्या पदावर माणसाने स्वतःशी तरी खरं बोलावं म्हणून.

४ फेब्रुवारी
मागच्या वर्षीचा सर्व्हे वाचला. शंभरातले एकाहत्तर लोक म्हणतात, काही झालं तरी ठाण्याची पायरी चढणार नाही. आळस. दुसरं काय.
संकल्प: तीन महिन्यांत विश्वास शंभर टक्के. उपाय सुचला, तोही आंघोळ करताना. विश्वासपेटी! पोलिसांविरुद्ध तक्रार असेल तर लिहायची, टाकायची, समितीने वाचायची. पेटी कुठे बसवायची यावर सचिवबाई म्हणाल्या, वाचनालयात बसवू, नाहीतर आपल्या फाटकाशी. मी म्हणालो, ठाण्यातच. ड्युटीवरच्या हवालदाराच्या टेबलासमोर. लोकांची भीती तिथेच मोडेल.
बाईंनी विचारलं, ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच नाकासमोर कोण टाकेल?
बाई कामसू आहेत, पण मानसशास्त्राचा गंध नाही.

६ फेब्रुवारी, दुपारी
आमच्याच इमारतीत चोरी. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची चांदीची फुलदाणी गेली. निरोप समारंभात शाळेने दिलेली. कुलूप फोडलेलं नाही, दार जसंच्या तसं.
इन्स्पेक्टर आले. मी स्वतः खाली गेलो. समिती आणि पोलीस यांनी हातात हात घालून काम करायचं असतं, ते त्यांना दाखवलं. जाता जाता एवढंच म्हणालो की कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने या इमारतीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या बनवल्यात, माणूस हुशार आहे, बघा. इन्स्पेक्टरांनी खिशातल्या वहीत काहीतरी टिपलं.
मी नाव दिलं असं नाही. दिशा दिली.

७ फेब्रुवारी
बायको स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्ली करून घ्यायला गेली आणि हात हलवत परत आली. म्हणाली, कोपरा रिकामा आहे, किल्लीवाल्याला काल ठाण्यात नेलं. रात्री उशिरापर्यंत बाकावर बसवून ठेवलं, मग सोडलं. त्याचं किल्ल्या कापायचं मशीन मात्र ठेवून घेतलं.
पोलीस तत्पर आहेत. पुढच्या सभेत सांगायला मुद्दा मिळाला.
बायकोने विचारलं, त्याचं नाव कोणी घेतलं असेल हो?
मी मीठ मागितलं. मीठ समोरच होतं.

११ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. विश्वासपेटीचं उद्घाटन.
पेटी पोलादी, हिरवी, पितळी कुलपाची. भाषण सोळा मिनिटं. शेवटी ऐनवेळी सुचलं म्हणून कुलपाची किल्ली वर धरली आणि म्हणालो, या पेटीत सर्वात आधी मी माझा विश्वास टाकतो. आणि किल्लीच फटीतून आत टाकली. टाळ्या. हवालदार सगळ्यात जोरात वाजवत होते, एकाच्या डोळ्यांत तर पाणी होतं. तो हसत होता असं सचिवबाईंचं म्हणणं.
परतताना बाईंनी कानाशी विचारलं, दुसरी किल्ली आहे ना?
नाही. विक्रेत्याने एकच दिली होती. एकच किल्ली, तीही आत. याहून सुरक्षित काय असतं?

१५ फेब्रुवारी
चार दिवसांत समितीकडे एकही तक्रार आलेली नाही. विश्वास वाढतोय हे उघड आहे. सचिवबाई म्हणतात, पेटी उघडल्याशिवाय तक्रार येणार कशी? बाईंना प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे.

१८ फेब्रुवारी, सकाळी
किल्लीवाला ऑफिसात आला. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. उभाच राहिला. म्हणाला, मशीन परत मिळवून द्या, बारा दिवस हातावर हात धरून बसलोय, आणि गेलो तर ठाण्यात रोज नवा हवालदार नवं काहीतरी सांगतो. जप्तीचा पंचनामा नाही, पावती नाही.
मी त्याला प्रेमाने समजावलं की प्रत्येक गोष्टीचा एक मार्ग असतो. तक्रार लिहायची, पेटीत टाकायची.
म्हणाला, दोन टाकल्या.
मी म्हणालो, मग वाट बघ. वाचल्या की कळवतो.
त्याने विचारलं, वाचणार कधी? आणि किल्लीबद्दलही काहीतरी बोलला. धंदाच तो, सगळीकडे त्याला किल्ल्याच दिसणार.

दुपारी
इन्स्पेक्टरांना फोन केला. अध्यक्ष या नात्याने, कडक आवाजात. ते म्हणाले, मशीन जप्त केलेलंच नाही, म्हणून पंचनामा नाही. पंचनामा नाही, म्हणून परत करायचा हुकूम निघू शकत नाही. मशीन मुद्देमालाच्या खोलीत नुसतं ठेवलेलं आहे. मग सुटायचं कसं? तर ज्याने नाव सांगितलं त्याने लेखी द्यावं की मी अंदाजाने बोललो, माझ्याकडे पुरावा नव्हता. एक कागद. तो आला की दहा मिनिटांत मशीन बाहेर.
आणि म्हणाले, तो सद्गृहस्थ कोण हे आपल्या दोघांतच राहील.
मी म्हणालो, त्या माणसाला मी नक्की शोधतो.

२१ फेब्रुवारी
फुलदाणी सापडली. म्हणजे हरवलीच नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःच ती भाचीकडे पॉलिश करायला दिली होती आणि विसरल्या. आता जिन्यात उभ्या राहून सगळ्यांना सांगतायत, एकेक वाक्य दोनदा, वर्गात सांगावं तसं.
बायको म्हणाली, मग आता त्या किल्लीवाल्याचं मशीन देतील ना?
प्रक्रिया असते, मी म्हणालो.
म्हणाली, कसली?
संकल्प: तो कागद उद्या लिहून देणे. चार ओळी. त्यात काय आहे?

२२ फेब्रुवारी
पेन चालत नाही.

२३ फेब्रुवारी
रविवार.

२४ फेब्रुवारी
शांत डोक्याने विचार केला. अध्यक्ष निःपक्ष असावा लागतो. मीच एका प्रकरणात लेखी देऊ लागलो, तर निःपक्षपणा उरला कुठे? माझं गप्प राहणं हाच खरा न्याय आहे. किल्लीवाल्यालाही हे पटेल, पण त्याला समजावून सांगायला मीच गेलो तर परत निःपक्षपणाचा प्रश्न.
हल्ली घरी मागच्या गल्लीने येतो. थोडं लांब पडतं. चालणं तब्येतीला चांगलं.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
सभेचा अहवाल. सगळं लिहितो, क्रमाने.
मी उभा राहिलो. म्हणालो, पोलिसांविरुद्ध तक्रारी शून्य, जनतेचा विश्वास शंभर टक्के. तेवढ्यात उद्यानवाला उठला. विचारलं, पेटी कोणी उघडली? मी म्हणालो, अजून वेळ आलेली नाही. म्हणाला, मग शून्य मोजलं कोणी? सभागृह हसलं. हसणाऱ्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत.
त्याच्या मागणीवरून दोन हवालदार पेटी ठाण्यातून उचलून सभेत घेऊन आले, मागोमाग इन्स्पेक्टर. हलवली की आतून खडखड यायची. किल्ली कुठाय या प्रश्नाचं उत्तर सचिवबाईंनी दिलं, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात. मग त्यांनीच किल्लीवाल्याला बोलावून घेतलं. कोपऱ्यावर असतोच तो, मशीन नसलं तरी, रिकाम्या स्टुलावर.
आला. कुलूप उलटसुलट बघितलं. इन्स्पेक्टर म्हणाले, तारेने उघड की, दोन मिनिटांचं काम.
तो म्हणाला, “तारेने उघडतो, साहेब. मग तुम्हीच म्हणाल, बघा, येतंय ह्याला. माझं मशीन आणा. किल्ली बनवूनच उघडेन.”
इन्स्पेक्टरांनी मशीन आणवलं, ‘सरकारी कामासाठी तात्पुरतं’ असा शेरा मारून. किल्लीवाल्याने आधी फडक्याने मशीन पुसलं. कोरी किल्ली कुलपात घालून फिरवायची, उमटलेल्या खुणा बघायच्या, मशीनवर तेवढंच कापायचं, परत घालायची. वीस मिनिटं. अख्खी परिषद एका माणसाच्या बोटांकडे बघत बसली होती. माझ्या सोळा मिनिटांच्या भाषणाकडे इतकं लक्ष कोणी दिलं नव्हतं.
पेटी उघडली. आत माझी किल्ली. एक वीजबिल, कोणीतरी चुकून टाकलेलं. एकोणीस चिठ्ठ्या खुद्द पोलिसांच्या: विश्रांतीच्या खोलीतला पंखा, सुट्टी नामंजूर, महिला शिपायांच्या संडासाला कडी नाही. उद्यानवाला मोठ्याने वाचत होता, आणि इन्स्पेक्टर अक्षर ओळखायचा प्रयत्न करत होते. शहराच्या बाकीच्या लोकांनी काहीच टाकलं नव्हतं.
उरल्या तीन, एकाच हाताच्या. पहिल्या दोन मशीनबद्दल. तिसरी उद्यानवाल्याने वाचायला घेतली आणि मध्येच आवाज खाली आणला.
“मशीन नाही दिलंत तरी चालेल. माझं नाव कोणी घेतलं तेवढं सांगा. गिऱ्हाइकं आता किल्ली करायला देताना माझ्या तोंडाकडे बघतात. एक बाई म्हणाली, राहू दे, नवीन कुलूपच घेते.”
मग उद्यानवाल्याने मलाच विचारलं की अध्यक्षांना याबाबत काही माहिती आहे का. मी म्हणालो, चौकशी सुरू आहे.
सभा संपली. सरकारी काम झालं म्हणून हवालदाराने मशीन उचललं आणि परत ठाण्यात नेलं. किल्लीवाल्याने अडवलं नाही. ते दाराबाहेर जाईपर्यंत बघत होता, मग फडकं घडी करून खिशात घातलं.
मी पाणी प्यायलो. दोन ग्लास.

१ मार्च
परिषदेचं पत्र. सुरक्षा व विश्वास समिती उद्यान समितीत विलीन. मी सदस्य. कारंज्याची जबाबदारी माझ्याकडे.
राजकारण आहे हे. काम करणारा माणूस लोकांना खुपतो.

२ मार्च, सकाळी
राजीनाम्याचा मसुदा लिहायला घेतला. ‘तत्त्वाच्या प्रश्नावर’ इथपर्यंत आलो. बायको समोर भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, तो विचारतोय त्याचं उत्तर, पोलीस सोडले तर, अख्ख्या गावात तुम्हाला एकट्यालाच माहीत आहे. आणि मला.”
तुला कसं, विचारलं.
म्हणाली, मी विचारलं त्या दिवशी आमटी खारट झाली होती. तुम्ही तरी मीठ मागितलंत.
मसुदा पुढे गेला नाही.

३ मार्च
सकाळी ठाण्यात गेलो. पुढच्या दाराने.
हवालदाराने कागद दिला. लिहिलं: सहा फेब्रुवारीला किल्लीवाल्याचं नाव मी घेतलं. माझ्याकडे काही पुरावा नव्हता. मी अंदाजाने बोललो. खाली सही. हवालदार म्हणाला, हुद्दा लिहा. आधी ‘माजी अध्यक्ष’ लिहिलं, खोडलं, ‘सदस्य, उद्यान समिती’ लिहिलं, तेही खोडलं. ‘रहिवासी’ लिहिलं.
दहा मिनिटं म्हणाले होते, सात लागली. पण मशीन पोहोचवणं हे खात्याचं काम नाही म्हणाले. उचललं. त्याचं वजन किती असतं हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. वाटेत तीन ठिकाणी टेकवलं. पेपरवाल्याने विचारलं, साहेब, नवा धंदा? मशीन परत उचललं.
कोपऱ्यावर त्याच्या टेबलावर मशीन ठेवलं. त्याने आधी ते चालवून बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं. सगळं नाही, तीन वाक्यं, कागदावर होती तीच. चौथं म्हणणार होतो, चौकशीबिवकशी, पण ते कागदावर नव्हतं.
तो रागावला नाही. रागावला असता तर मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणाला, “कागद ठाण्यात राहिला. मला एक प्रत हवी. इथे पाटीवर लावतो, किल्ल्यांच्या वर.”
मी खिसे चाचपले. कागद नव्हता. त्याने पावतीपुस्तकातला एक फाडून दिला आणि स्टूल पुढे सरकवलं. दोन गिऱ्हाइकं मागे उभी होती, त्यात आमच्या मुख्याध्यापिकाबाई. मी लिहायला लागलो.
त्याने वरून वाकून बघितलं. “जरा मोठं काढा, साहेब. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे.”
दुसरा कागद घेतला. मोठ्या अक्षरात लिहिलं.