भुकटीचं भरीत

बाबा, आज दुकानात बटाट्याच्या भुकटीचं पाकीट दिसलं. घेतलं नाही, पण घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. मी नऊ वर्षांची. आपण तेव्हा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचो. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि तुम्ही एकेक कपडा झटकून मग घडी करायचात. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी मऊ जेवायला सांगितलं. मी हट्ट धरला, आईचं बटाट्याचं भरीतच पाहिजे. तुम्हाला वरणभातापलीकडे काही येत नव्हतं. त्याच सुमारास प्लांटवरचे एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना बटाट्याच्या भुकटीचा डबा तुम्हाला देऊन गेले होते. तो माझ्या खाटेपाशी आणून तुम्ही म्हणालात, "नुसतं गरम पाणी टाकाचं, झालं भरीत!"

तुम्ही उकळतं पाणी ओतलंत आणि जोर लावून घोटलंत. ताटलीत चिकट खळ आली. एक घास घेऊन मी ताटली सरकवली. "आई असं नव्हती करत." तुम्ही रागावला नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन उभ्यानंच ते भाताबरोबर खाल्लंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या काकूंच्या दारात उभे होतात. "वहिनी, हिची आई भरितात काय टाकत होती, माहीत आहे काय तुम्हाले?"

"मले नाही सांगितलं तिनं कधी. पण भाऊजी, पाण्याच्या जागी दूध टाकून पाहा. अन घोटू नका, चमच्यानं हलकं हलवा."

त्या दिवशी दूध आणि साय पडली. भरीत मऊ झालं, पण अळणी लागलं. मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्या दिवशी तुम्ही ड्यूटीवरून येता आणि कपडे न बदलताच स्टोव्ह पेटवता. एक खरा बटाटा उकडून जाडसर कुस्करता आणि भुकटीत मिसळता, म्हणजे दाताखाली काहीतरी येईल. तुपात जिरं, चिमूटभर हिंग, एवढीशी मिरची. वरून बारीक चिरलेली कोथिंबीर, आपल्याकडचा सांबार, त्याचा हिरवा वास खाटेपर्यंत येतो.

"खाऊन पाह्य वं. अन खरं सांग मले."

मी खाते. महिन्याभरात पहिल्यांदा मला भूक लागलेली असते. तुमच्या कपाळावर कोळशाची रेघ आहे आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहता आहात.

"आईसारखंच झालं," मी म्हणते.

तुम्ही खाली फरशीवर बसलात आणि बाहीनं डोळे पुसलेत. "मले वाटलंच होतं," एवढंच म्हणालात.

डबा संपला, पण तेच भरीत तुम्ही साध्या बटाट्यांचं करत राहिलात. पाहुण्यांना, पुढे माझ्या सासरच्यांनाही अभिमानानं सांगायचात, "हे हिच्या आईच्या हातचं आहे. तिच्यासारखं जमलं मले." मी मान डोलवायचे. तुम्ही शेवटचे आजारी होतात तेव्हाही डोलवली.

आईच्या भरिताची चव मला तेव्हा आठवत नव्हती, बाबा. हट्ट धरला तेव्हाही नव्हती, फक्त ती करायची एवढं आठवत होतं. विसरले हे तुम्हाला सांगायची भीती वाटली. आवडलं, एवढंच म्हणायला हवं होतं. खूप आवडलं होतं.