उतारावरचे घोयरे

४ नोव्हेंबर
आज चार घोयरे सरडे सापडले! अंकारात्रा डोंगरावरच्या माझ्या उतारावर, गुडघाभर गवतात, बोटाएवढे. अंगभर तांबडे ठिपके, कुशीला तीन पांढुरके पट्टे — कुणाची माळ तुटून पडावी तसे. मी सरडे दाखवायला आणलेले परदेशी पाहुणे खूश. मी नेहमीसारखं बोट मुडपून दाखवत होते, आमच्यात सरड्यावर सरळ बोट रोखायचं नसतं. एक पाहुणी म्हणाली, हातावर घेऊन दाखव. घेतला. नेमकं सासूने पाहिलं.

५ नोव्हेंबर
भाताची रोपं उपटताना नेनीचं, म्हणजे सासूचं, सकाळपासून एकच पालुपद. "सरड्याला शिवणाऱ्या सुनेच्या पोटी मूल टिकत नाही." माझी दोन गेली ती त्यानेच म्हणे. तिसरं राहिलंय, तीन महिने होतील. तूकीलाही सांगितलेलं नाही. नवरा झाला म्हणून काय? आधी दोनदा सांगून काय मिळालं?

७ नोव्हेंबर
गुरांना कोवळं गवत हवं म्हणून डोंगर पेटवायचे दिवस आले. तूकीला म्हटलं, "माझा उतार तेवढा सोडा." म्हणाला, "सोडतो की. तुझे सरडे म्हणजे माझे मेहुणेच!" शब्द दिलाय. या घरात माझं स्वतःचं असं तेवढंच आहे.

१२ नोव्हेंबर
उतार काळा झाला.

१३ नोव्हेंबर
घोयऱ्यांना पळता येत नाही. एक पाऊल टाकायचं, डुलायचं, मग दुसरं. वणवा थोडाच थांबतो. जळालेले सोळा मोजले, मग मोजणं सोडून दिलं.

तूकी म्हणतो, "मी नाही लावली. वाऱ्याने आली असेल." इथे प्रत्येक आग वाऱ्यानेच येते, काडी कुणाच्याच हातात नसते. सरड्याची धाव निदान कुंपणापर्यंत तरी असते. नवऱ्याच्या शब्दाची तेवढीही नाही.

ओढ्याकाठी दगडाआड एक मादी जिवंत मिळाली. झाकणाच्या टोपलीत घालून आणली, कणगीमागे ठेवली.

१९ नोव्हेंबर
सहा दिवस तूकीशी बोलले नाही. आज मला नावाने हाक मारून म्हणाला, "लालाओ, पूर्वजांच्या थडग्याची शपथ." म्हटलं, "त्यांनाही फसवशील तू." त्याचा चेहरा पडला. पडू दे.

२१ नोव्हेंबर
नेनीने आपल्या वाटचा मासा माझ्या ताटात घातला. म्हणाली, "कोरड्या उलट्या लपत नसतात, पोरी. दोन बाळं या हातांनी पुरली, तिसरं नाही पुरणार. उतार मी पेटवला. आता शिवायला तुला एकही सरडा उरलेला नाही."

मी कणगीकडे पाहिलं नाही.