पवित्रा

६ जाने., मंगळ.
नववी ब. वाक्यात उपयोग करा: 'पवित्रा घेणे'. रिना पावराने विचारलं, "मॅडम, पवित्रा म्हणजे उभं राहणं की हलणं?" कोशात दोन्ही. भूमिका, शिवाय कुस्तीतली पायांची हालचाल. वर्तमानपत्रात तर सगळे पुढारी आक्रमक पवित्रा घेऊन नुसते बसलेले. उद्या सांगते म्हटलं. नीट सांगू शकेल असा माझ्या ओळखीत एकच माणूस. आबा, माझे वडील. तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या खेळले.

७ जाने., बुध.
रिनाने आठवण केली. टाळलं. संध्याकाळी एकटीपुरती खिचडी, तीही उरली.
आबांशी सात वर्षं बोलणं नाही. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा म्हणाले, "परत जाय. नही ते आठे येऊ नको." मग शहाद्यात ही खोली. आबांचं गाव प्रकाशा इथून अर्धा तास, एस.टी.ने. सात वर्षं...

११ जाने., रवि.
प्रकाशाला गेले. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत बसले. वहिनीने दार उघडलं, पाणी दिलं. आबा ओट्यावर. गुडघे गेलेत, हातात काठी.
"कसाले उनी?"
"एक शबद इचाराले."
हसतील वाटलं. नाही हसले. काठी भिंतीला लावून उठले. वहिनी धावली, तिला हातानेच थांबवलं. "एक जागे उभं ऱ्हावानं नही. पाय चालू ठेवाना." उजवा पुढे, डावा तिरपा, अंग झुकवून. तीन पावलं. मला समोर उभं केलं, अंगावर आले. मी मागे सरकले.
"हाई बी पवित्राच शे. मांगे सरनं म्हन्जे हारनं नही."
मग धाप लागली. बसले, माझ्याकडे पाहिलं नाही.
कुस्तीचंच बोलत होते का? विचारायचा धीर झाला नाही.

१२ जाने., सोम.
पदर खोचून वर्गात करून दाखवलं. मुली खूप हसल्या. रिनालाही पुढे बोलावलं, माझ्यापेक्षा चपळ.
घरी आल्यावर कोणाला सांगू? वहिनीला फोन लावला. मागून आबा: "इचार, समजनं का तिना पोरेसले?" समजलं म्हणावं, म्हटलं. फोन त्यांनी घेतला नाही.

१७ जाने., शनि.
वहिनीचा फोन. आबांनी सकाळी ओट्यावर आणखी एक खुर्ची ठेवायला लावली. कोणासाठी ते सांगत नाहीत.
मीही विचारलं नाही. उद्या रविवार.