बासष्टावा मुद्दा

३ मार्च, रविवार, सकाळी ९.४०
फ्लाइंग क्लबमध्ये आज प्रथमच एकट्यानं उडायचं होतं. उडालो नाही. कारण तांत्रिक. डाव्या पंखावर संशयास्पद ठिपका.
बाईंना दाखवला. बाई म्हणजे आमच्या इन्स्ट्रक्टर, वय पासष्ट, आवाज पंचविशीचा. त्यांनी ठिपका नखानं खरवडला. म्हणाल्या, कबुतर. पण खरवडेपर्यंत ते कोणाला माहीत होतं? तोवर माझा तास संपला.

रात्री
मी घाबरतो का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही.
पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं: काल धड उतरलेलं विमान त्यानंतर काय करत होतं, ते आपल्याला ठाऊक नसतं. कोणी धक्का दिला असेल, नळीत माशीनं घर केलं असेल, पेट्रोलमध्ये पाणी उतरलं असेल. वर गेल्यावर गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी, अर्ध्या तासापूर्वी उतरलेलं असलं तरी, भोवती फिरून सगळं डोळ्यांनी बघायचं आणि हातानं चाचपायचं.
क्लबातले बाकीचे हे ऐकतात. मी पाळतो.

१० मार्च
क्लबची तपासणीची यादी तीस मुद्द्यांची. हे मला पहिल्यापासून खटकत होतं. स्वतःची तयार केली. एकसष्ट मुद्दे.
आज प्रथमच वापरली. एक तास पन्नास मिनिटं लागली. पेट्रोलमध्ये पाणी आहे का, हे बघायला छोट्या नळीत नमुना घेतात. नव्हतं. खात्रीसाठी आणखी अकरा वेळा घेतला. क्लबचा मिस्त्री म्हणाला, साहेब, थोडं उडायलाही ठेवा.
विनोद म्हणून ठीक. उडायला वेळ उरला नाही, तो भाग वेगळा.

१७ मार्च
उजवा टायर मऊ वाटला. मिस्त्रीनं हवा मोजली. बरोबर होती. मग डावा कडक वाटला.
उडालो नाही.
बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, अहो, तुम्ही विमान तपासताय की घर विकत घेताय? एकतीस तारखेला उडा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला. एक दंतवैद्य सहा महिने रांगेत आहेत.
दंतवैद्य! त्यांना रुग्णांना थांबवून ठेवायची सवय आहे, स्वतः थांबायला काय होतं? (हे बोललो नाही.)
घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग उडा की. आठ महिने आम्ही नुसतं ऐकतोय.

२४ मार्च
आज मुद्दाम गेलोच नाही. मोठ्या कामाआधी विश्रांती हवी.
ऑफिसातल्या सर्वांना फोन करून एकतीसची बातमी दिली. मेहुणा कॅमेरा घेऊन येणार. न विचारता म्हणाला, दाजी, पडलात तरी शूटिंग थांबवणार नाही.
संकल्प: एकतीसला काहीही झालं तरी उडायचं. अर्थात, विमान निर्दोष असेल तर.

३० मार्च, शनिवार, संध्याकाळी ६.१५
गंभीर त्रुटी सापडली. विमान वाऱ्यानं हलू नये म्हणून मिस्त्री रोज संध्याकाळी दोन्ही पंख जमिनीतल्या कड्यांना बांधतो. शेपटीखालीही कडं आहे, ते वर्षानुवर्षं रिकामं! विचारलं तर म्हणतो, दोन पुरतात.
स्वतः जाऊन दोर आणला. जाड, गिर्यारोहकांचा, राखाडी, म्हणजे विमानाला शोभेल असा. गाठ पंखांच्या दोरांसाठी म्हणून आठवडाभर व्हिडिओ बघून शिकलोच होतो. घरी सराव करताना खुर्ची टेबलाला बांधली होती. ती अजून टेबलालाच आहे. यावरून गाठीची कल्पना यावी.
शेपूट बांधली. यादीत बासष्टावा मुद्दा वाढवला.
आज शांत झोप लागेल.

३१ मार्च, सकाळी ६.३०
झोप लागली नाही.

सकाळी ९.०५
तपासणी पूर्ण. मिस्त्रीनं पंखांचे दोर सवयीनं आधीच सोडले होते. पंख, टायर, तेल, पेट्रोल, नळ्या, दिवे सगळं उत्तम. मुद्दा ६२: शेपटीचा दोर घट्ट आहे का? ओढून पाहिला. घट्ट. बरोबरची खूण केली.
एकही दोष नाही. पुन्हा शोधला. नाही.
बायको हात हलवतेय. निघतो.

दुपारी १.३०
ब्रेकमध्ये बिघाड झाला, असं मला प्रथम वाटलं. इंजिन गरजलं, विमान थरथरलं, पण इंचभर सरकलं नाही. जोर वाढवला. अजून वाढवला. रेडिओवर बाईंना कळवलं, ब्रेक जाम आहेत. (मन हलकं झालं होतं का? याचा विचार नंतर करीन.)
मिस्त्रीनं इंजिन बंद करायची खूण केली. मागे गेला, वाकून बघितलं आणि तिथंच गवतात बसला. हसताना त्याचा आवाज येत नाही, खांदे हलतात.
बाई आल्या. माझी यादी मागून बासष्टाव्या मुद्द्यापर्यंत शांतपणे वाचली. म्हणाल्या, विमान सुरक्षित ठेवलंत, यात शंका नाही.
गाठ मला वीस मिनिटं सुटली नाही. मिस्त्रीनं दोर कापला. मेहुण्यानं खरोखरच शूटिंग थांबवलं नाही.
बाई म्हणाल्या, अजून पाऊण तास आहे, एक चक्कर घ्या आणि जा. मी म्हणालो, वारा वाढलाय. सगळ्यांनी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे पाहिलं. ती वाळत घातलेल्या मोज्यासारखी लोंबत होती.
मग बाई बायकोकडे वळल्या. म्हणाल्या, इतकी कसून झालेली तपासणी वाया कशाला घालवायची? चला, मी नेते तुम्हाला. ती पर्स माझ्याकडे देऊन निघालीसुद्धा. बाईंनी एक झटपट फेरी मारून विमान पाहिलं. सात मिनिटं!
विमान सुरेख उडालं. तपासणी चोख होती, हे सिद्ध झालं. मी हात हलवला. हातात दोर होता.

१ एप्रिल, रात्री
माझ्या जागेवर दंतवैद्य.
बायकोनं क्लबचा फॉर्म भरला. रांगेत दुसरी. माझी यादी मागितली, बसून वाचली, एक ओळ खोडली आणि म्हणाली, बाकी चांगली आहे हो.
तिचा नंबर लागला की रविवारी सकाळी सातला निघायचं ठरलंय. तपासणीच्या वेळी टॉर्च मी धरायचा.
जेवताना खुर्ची पुढे ओढायला गेलो. टेबल आलं.