आखाजीपर्यंतचे मनगट

५ फेब्रुवारी १९४६, नंदुरबार
मुंबईच्या सर्जनांना दाखवून काल परतलो. सौ.च्या उजव्या मनगटातील लिगामेंट तुटले आहे. हात पालथा-उताणा करताना करंगळीच्या बाजूचे हाड जागा सोडते. उपाय : तिच्याच शरीरातील कंडरेची पट्टी काढून नवे लिगामेंट बांधणे, दोन महिने प्लॅस्टर. सर्जन म्हणाले, लगेच करा. विषय मला पूर्ण समजला असल्यामुळे ऑपरेशन आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, ठेवले आहे. आखाजीला व्याही येणार. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पुरणाचा मांडा कोपरापर्यंत पसरवणे सौ.सारखे तालुक्यात कोणास जमत नाही. बी.कॉम. झालेला मनुष्य भरहंगामात यंत्र उघडत नाही.

१७ फेब्रुवारी
स्वतः आकृती काढून चामड्याचा पट्टा करवून घेतला. लिगामेंटचे काम तोच करील. सौ. काही बोलली नाही. संमती गृहीत धरली.

१८ फेब्रुवारी
वरणाचे पातेले सांडले. पट्टा निर्दोष आहे. पातेल्याचा आकार गैरसोयीचा.

३ मार्च
मेहुणे रतिलाल आले. बहिणीला मुंबईस कधी नेता, असे पुन्हा विचारले. वेळ आल्यास पट्टी माझ्या पायातून घ्यावी, असे मी सर्वांसमक्ष जाहीर केले. रतिलाल म्हणाले, "दाजी, हात तिना शे, पाय तुमना कशाले?" त्यागाची कदर नाही.

२१ मार्च
मांड्यांची रंगीत तालीम. पहिला मांडा अर्धा पसरला आणि हाड खटकन वर आले. मांडा खापरावर न पडता निखाऱ्यांवर. सौ. मनगट धरून खाली बसली, ओठ पांढरे. पट्टा एक भोक घट्ट करावा, असे मी सुचवले. तिने तो सोडून माझ्या पुढ्यात ठेवला.
"हात मन्हा शे. पट्टा तुमना."
झोप नाही. उष्मा फार.

२२ मार्च
सौ. रतिलालसोबत सकाळच्या गाडीने सुरतमार्गे मुंबईस गेली. गाडी सुटल्यावर मी परवानगी दिली.

३० मार्च
तार आली. ऑपरेशन झाले. माझे नियोजन कामी आले.
चहातले दूध रोज फाटते. गवळ्यास समज द्यावी.

अक्षय तृतीया
आखाजी उजाडली, व्याहीही आले. मांडे स्वतः करण्याचा निर्धार. तीस वर्षे पाहत आल्यामुळे तंत्र अवगत होतेच. पहिला कोपराला गुंडाळला गेला, दुसरा सदऱ्याला. व्याह्यांनी दहीभात आवडीने खाल्ला, निदान तसे म्हणाले.

७ जून, मुंबई
प्लॅस्टर निघाले. सर्जनांनी हाड दाबून पाहिले. जागचे हलले नाही. परंतु तळहात अर्धाच उताणा होतो. मधल्या काळात सांध्यावर नको तो ताण पडला, असे ते माझ्याकडे पाहून म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहिले. मांडे यापुढे होणार नाहीत, हे त्यांनी हळू आवाजात सांगितले.
सौ. हसू लागली. थांबेचना. मग भरलेला तांब्या त्याच हाताने उचलून माझ्यापुढे धरला. थेंब सांडला नाही.
"आते मांडा तुम्हीच करा."
विचार करून कळवतो, असे मी सांगितले. तिने विचारले नव्हते.