दुसरा नारळ

डिरेक, म्हणजे डिरेक्टर; मनिलात तुम्हाला स्वयंपाकाच्या बाईपासून हीरोपर्यंत सगळे याच नावाने हाक मारायचे, म्हणून मीही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. आज दुपारी बारापर्यंत माझ्या सिनेमाची शेवटची कॉपी परदेशातल्या महोत्सवाला पाठवायची आहे, आणि तुमचा तो नियम मला धड बसू देत नाही.

नियम साधा होता. ज्यांच्या घरात शूटिंग केलं, त्यांना सिनेमा सगळ्यांत आधी दाखवायचा. पोटासाठी तुम्ही स्टुडिओचे रडारडीचे सिनेमे काढलेत, आणि मग त्याच कॅमेऱ्याने खाडीकाठच्या झोपड्यांचे. सरकारने ते अडवले, परदेशाने डोक्यावर घेतले. पण बक्षिसं मिळोत न मिळोत, आधी वस्तीत चादर टांगली जायची आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून लोकांची तोंडं बघत बसायचात. त्या वस्तीत सुक्या मासळीचा वास होता. मी करावे गावच्या कोळ्यांची, मला तो घरचाच. मी तुमची नवी असिस्टंट, हुशारी दाखवायला उतावीळ. बुडालेल्या मुलाबद्दल एक आई बोलत होती आणि कॅमेऱ्यातली फिल्म संपली. मी तिला म्हणाले, पुन्हा सांगा. तिने सांगितलं, पुन्हा रडली. शॉट अप्रतिम होता. चादरीवर तो आला तेव्हा ती खाली बघत राहिली. तुम्ही मला तिच्या चुलीपाशी नेलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "पहिल्यांदा ती तिचं दुःख सांगत होती. दुसऱ्यांदा ती तुझं काम करत होती." तो शॉट तुम्ही काढून टाकलात. सगळ्या युनिटसमोर ओरडला असतात तर बरं झालं असतं.

आता माझे काका. माझ्या सिनेमात ते त्यांची होडी विकतात. खाडीत गाळ भरलाय, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येतं. होडी द्यायच्या आधी त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, खाडीला नारळ दिला आणि वळून न बघता चालू लागले. आणि माझ्या लक्षात आलं, कॅमेऱ्याचं बटण दाबलंच गेलं नव्हतं. वीस वर्षं हे काम करतेय मी. काय घडलं ते सांगायची लाज वाटली, नुसतं म्हणाले, काका, परत एकदा द्याल?

"येकदा दिला ना, बाय. निरोप परत कसा देतात?"

मी गप्प उभी राहिले. मी गप्प राहिले की काका विरघळतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. काकीने घरातून दुसरा नारळ आणला. या वेळी त्यांचा हात थरथरला, आणि ते थांबून मागे बघून गेले. सिनेमा निवडला गेला तो त्या हातामुळे. निवड समितीने पत्रात तसं लिहिलंय.

काल संध्याकाळी करावेत, काकांच्या अंगणात चादर टांगली. काका इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले. मी तुमच्यासारखी पडद्याकडे पाठ केली. नारळाचा शॉट आला तसे काका मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले, तो संपेपर्यंत. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकीने चहा केला. कपबशी हातात घेऊन ते माझ्याजवळ आले.

"चांगला झाला, बाय. मी तेवढं नाय बगितलं. कंचा नारल दाखवलास? पयला का दुसरा?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. काका काढ म्हणाले असते तर तो शॉट काढावा लागला असता.

"पहिला," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

आता साडेअकरा झालेत. डिरेक, दुसरा नारळ मी अजून काढलेला नाही.